पालेभाजी, पीतबिंदू आणि पुरावा

गाजर खाल्ले म्हणजे चष्मा लागत नाही, हे वाक्य माझ्या पिढीतील बहुतेकांनी चष्मा लागल्यानंतरही घरात ऐकलेले आहे. पालेभाजीने नजर तेज होते हा समज त्याहून जुना. आणि अलीकडे औषधांच्या दुकानांत ‘ल्युटीन’ नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याच्या ज्या गोळ्या मांडलेल्या दिसतात, त्यांच्या वेष्टनावर हाच समज शास्त्राच्या परिभाषेत छापलेला असतो. या समजांत तथ्य किती आणि त्याचा आधार काय, याचा हिशेब मांडू लागताच पहिली अडचण उभी राहते ती ही, की वनस्पतिजन्य द्रव्ये डोळ्यांना उपकारक आहेत काय, हा मुळी एक प्रश्नच नव्हे. आहारात एखाद्या द्रव्याची उणीव पडून डोळा बिघडणे आणि आहार यथास्थित असूनही वार्धक्याने डोळा क्षीण होणे, या दोन भिन्न घटना आहेत. पहिलीविषयीचे ज्ञान शंभर वर्षांचे व बव्हंशी निश्चित आहे. दुसरीविषयीचे चाळीस वर्षांचे व बव्हंशी विवाद्य. दोहोंची कागदपत्रे एकाच दप्तरात बांधली गेल्यामुळे पुष्कळ घोटाळा झाला आहे. सबब ती प्रथम सुटी करणे भाग आहे.

रातांधळेपणाचा शोध

अंधारात न दिसण्याच्या विकारावर यकृत खावे, हा उपाय प्राचीन इजिप्तच्या वैद्यकात आढळतो आणि आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्याच्या चिकित्सेतही आढळतो. म्हणजे उपाय ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते. १८६३ साली बीतो या फ्रेंच वैद्याने रातांधळ्या मुलांच्या बुबुळाशेजारी दिसणाऱ्या फेसाळ पांढुरक्या डागांचे वर्णन केले. १९०४ मध्ये जपानच्या मोरी यांनी अशाच प्रकारे डोळे कोरडे पडलेल्या हजाराहून अधिक मुलांची हकीकत प्रसिद्ध केली आणि माशाच्या यकृताच्या तेलाने ती बरी होतात हेही नोंदविले. १९१३ मध्ये अमेरिकेत मॅक्कॉलम व डेव्हिस यांनी, आणि स्वतंत्रपणे ऑस्बर्न व मेंडेल यांनी, लोण्यातील स्निग्धांशात उंदरांच्या वाढीस अवश्य असे काही द्रव्य असल्याचे दाखविले. पुढे ‘अ’ जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेलेले द्रव्य ते हेच.

वनस्पतींचा संबंध येथे एका कोड्याच्या रूपाने आला. स्टीनबॉक यांना १९१९ च्या सुमारास असे आढळले, की पिवळ्या मक्यावर उंदीर वाढतात आणि पांढऱ्या मक्यावर खुरटतात. तेव्हा पिवळा रंग हेच जीवनसत्त्व असावे, असा तर्क साहजिक होता. परंतु यकृतातील जीवनसत्त्व तर जवळजवळ वर्णहीन! या विसंगतीचा उलगडा १९३० मध्ये टॉमस मूर यांनी केला. वनस्पतीतील पिवळे कॅरोटीन हे जीवनसत्त्व नव्हे, ते जीवनसत्त्वाचा कच्चा माल आहे आणि त्याचे रूपांतर प्राण्याच्या शरीरात होते. १९३३ मध्ये जॉर्ज वॉल्ड यांना हे जीवनसत्त्व प्रत्यक्ष दृष्टिपटलात सापडले. मंद प्रकाशात पाहणाऱ्या पेशींतील ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य याच जीवनसत्त्वाच्या एका रूपापासून बनते, आणि प्रकाशाचा कण त्यावर आदळताच त्या रूपाचा आकार पालटून दृष्टीची पहिली संवेदना निर्माण होते. या शोधमालिकेबद्दल वॉल्ड यांना १९६७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. इथवरच्या भागाविषयी कोणत्याही पक्षाची तक्रार नाही.

गाजराची कीर्ती मात्र शास्त्राने वाढली त्याहून अधिक युद्धाने वाढली. दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या अंधारात शत्रूची विमाने पाडणाऱ्या जॉन कनिंगहॅम या ब्रिटिश वैमानिकाची दृष्टी गाजरांमुळे मांजरासारखी झाली आहे, असा बोलबाला त्या वेळी सरकारी प्रसिद्धीने होऊ दिला. खरे कारण विमानात बसविलेले रडार हे होते आणि ते झाकून ठेवणे इष्ट होते. ज्याच्या शरीरात ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा पुरेसा आहे, त्याला अधिक गाजरे खाऊन अंधारात अधिक दिसत नाही. आणि चष्म्याचा नंबर हा बहुधा नेत्रगोलाच्या लांबीचा व आकाराचा प्रश्न असल्यामुळे, त्याच्याशी गाजराचा काही संबंध पोचत नाही. आमच्या घरातील गाजरांनी पत्करलेला पराभव असा शास्त्रसंमत होता, हे मला फार उशिरा कळले.

पान की मात्रा

उणिवेच्या प्रश्नातील खरा वाद कारणाविषयी नसून उपायाविषयी आहे, आणि तो आपल्या देशात विशेष चुरशीने लढला गेला. १९७० साली भारत सरकारने लहान मुलांना दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाची २,००,००० एककांची मात्रा पाजण्याची योजना सुरू केली. १९८६ मध्ये आल्फ्रेड सोमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील आचे प्रांतातून असा निष्कर्ष आणला, की या मात्रेने केवळ डोळेच वाचतात असे नव्हे, तर बालमृत्यूही सुमारे एकतृतीयांशाने घटतात. त्यानंतर मात्रा पाजणे हे जागतिक धोरणच बनले. दुसऱ्या बाजूस पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांचे म्हणणे होते, की एकेका पोषकाची औषधासारखी मात्रा देण्याने मूळ दारिद्र्य व निकृष्ट आहार झाकला जातो. पालेभाज्या, पपई, आंबा यांचे उत्पादन व सेवन वाढविणे हाच टिकाऊ मार्ग होय. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्तर प्रदेशातील सुमारे दहा लाख मुलांवरील चाचणीत बालमृत्यूंतील घट अवघी ४ टक्के, म्हणजे योगायोगापासून वेगळी न काढता येण्याजोगी निघाली. गोपालनपंथीयांना हा आपला विजय वाटला. मात्रेच्या पुरस्कर्त्यांनी त्या चाचणीत मात्रा खरोखर किती मुलांच्या पोटी पोचली, अशी शंका उपस्थित केली. ही शंका निव्वळ पराभूताची म्हणून टाकून देता येत नाही, आणि एवढ्या मोठ्या चाचणीचा निकाल दृष्टिआड करणेही न्याय्य नव्हे.

परंतु पानाच्या बाजूलाही अनपेक्षित धक्का बसला. १९९५ मध्ये पश्चिम जावातील अंगावर पाजणाऱ्या मातांना बारा आठवडे रोज परतलेल्या हिरव्या पालेभाज्या खाऊ घालण्यात आल्या. तरीही त्यांच्या रक्तातील ‘अ’ जीवनसत्त्व वाढले नाही. त्याच वेळी तितकेच शुद्ध कॅरोटीन घातलेली बिस्किटे खाणाऱ्या मातांत मात्र ते स्पष्टपणे वाढले. कारण उघड होते: पानातील कॅरोटीन हरितद्रव्याच्या कणांत प्रथिनांशी जखडलेले असते, आणि आतड्याला ते सोडविणे जड जाते. पूर्वी एक भाग जीवनसत्त्वासाठी सहा भाग कॅरोटीन पुरते असे धरीत. २००१ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी हे प्रमाण बारावर नेले. म्हणजे आहाराच्या तक्त्यांतील पालेभाजीची किंमत एका निर्णयाने निम्मी झाली.

यावर उलटा दाखलाही आहे, आणि तो आपल्याच देशातील असल्यामुळे त्याचे मोल मला अधिक वाटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९८० मध्ये दाखविले, की मुलांच्या पालकाच्या जेवणात पाच-दहा ग्रॅम स्निग्ध पदार्थ घातला तर रक्तातील ‘अ’ जीवनसत्त्वात चांगली वाढ होते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा तेल. कॅरोटीन पाण्यात विरत नाही, तेलात विरते. सबब कोरड्या भाकरीबरोबर खाल्लेली उकडलेली भाजी आणि तेलाच्या फोडणीची भाजी या पोटाच्या हिशेबात एकच भाजी नव्हेत. गरिबाच्या ताटात पाला असतो आणि तेल नसते, हा या वादातील पुष्कळसा गैरमेळ असावा असे मला वाटते. पानाचा पिंजरा टाळून कॅरोटीन थेट धान्याच्या दाण्यात घालण्याचा मार्ग पोट्रिकुस व बायर यांनी २००० साली ‘सोनेरी तांदळा’च्या रूपाने काढला. त्याचा वाद मात्र पोषणाचा कमी आणि जनुकीय बियाण्यांचा अधिक असल्यामुळे येथे त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही.

पीतबिंदूचे रहस्य

आता दुसरे दप्तर. दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जेथे वाचन, चेहरे ओळखणे व सुईत दोरा ओवणे ही सारी बारीक कामे होतात, तेथे एक पिवळसर ठिपका असतो. त्यालाच पीतबिंदू म्हणतात. त्याची नोंद अठराव्या शतकाच्या अखेरीस झाली. १८६६ मध्ये माक्स शुल्त्झे यांनी असा विचार मांडला, की हा पिवळा रंग निळ्या प्रकाशाला अडवून धरणारा जणू पडदा असावा. १९४५ मध्ये वॉल्ड यांनी तो रंग पानांतील ल्युटीनशी जुळतो असे सुचविले, आणि १९८५ मध्ये बोन व लँड्रम यांनी तो ल्युटीन व झिॲक्सँथिन या दोन रंगद्रव्यांचा असल्याचे निश्चित केले. येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. रक्तात कॅरोटीनवर्गीय द्रव्ये सुमारे वीस असतात, परंतु पीतबिंदू त्यांतून ही दोन आणि ल्युटीनपासून तेथेच घडणारा त्यांचा एक भाऊबंद एवढीच निवडून घेतो. गाजरातील प्रसिद्ध बीटा-कॅरोटीनला तेथे थारा नाही. ही द्रव्ये शरीर स्वतः बनवू शकत नाही. पालक, मेथी, अळू, माठ, कोथिंबीर अशा हिरव्या पाल्यातून, मक्याच्या पिवळ्या दाण्यातून आणि अंड्याच्या बलकातून ती येतात. शिजविलेल्या पालकाच्या शंभर ग्रॅममध्ये ती दहा-अकरा मिलिग्रॅम भरतात. बलकात त्याहून फारच कमी असतात, पण तेथील स्निग्धांशामुळे ती अंगी लागतात अधिक.

वार्धक्यात हाच पीतबिंदू झिजत जातो. समोरच्या माणसाच्या कडा दिसतात आणि चेहरा हरवतो. या ऱ्हासाच्या कारणांत वय, आनुवंशिकता व तंबाखूचा धूर ही प्रमुख मानली जातात. जे रंगद्रव्य निळा प्रकाश गाळते आणि प्रकाशाने उत्पन्न होणारी दाहक संयुगे विझविते, ते आहारातून वाढविल्यास ऱ्हास थोपेल काय, हा प्रश्न त्यातून सरळच निघतो. १९९४ मध्ये योहाना सेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ३५६ रुग्ण व ५२० निरोगी व्यक्ती यांच्या आहाराची तुलना केली. कॅरोटीनवर्गीय द्रव्ये सर्वांत अधिक खाणाऱ्या पंचमांशात हा विकार सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी आढळला, आणि त्यांतही पालकासारख्या गर्द हिरव्या पाल्याचा संबंध सर्वांत दृढ होता. आजचा सारा व्यापार ज्या पायावर उभा आहे, त्याचा पहिला चिरा हा. त्याच्यातील दोष तेव्हाच सांगितला गेला होता: जो मनुष्य आवडीने पालक खातो, तो बहुधा धूम्रपान कमी करतो, चालतो-फिरतो आणि वैद्याकडे वेळेवर जातो, तेव्हा पुण्य पालकाचे की स्वभावाचे, हे अशा तुलनेने ठरत नाही.

चाचण्यांचा निवाडा

ते ठरविण्यासाठी गट चिठ्ठ्या टाकून पाडावे लागतात. या पद्धतीने आलेला पहिला मोठा निकाल डोळ्यांचा नव्हता आणि सुखदही नव्हता. १९९४ मध्ये फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांच्या चाचणीत, रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. तशीच एक अमेरिकन चाचणी १९९६ च्या आरंभी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. तेथे वाढ २८ टक्के होती. ज्या द्रव्याने कर्करोग टळेल अशी अपेक्षा भाज्या खाणाऱ्यांच्या निरीक्षणावरून केली होती, तेच द्रव्य भाजीतून सोडवून मोठ्या प्रमाणात देताच उलटले. या संपूर्ण विषयात यापेक्षा बोधप्रद प्रसंग मला दुसरा आढळला नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेची पहिली मोठी चाचणी २००१ मध्ये पुरी झाली. ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रणाने, ज्यांचा विकार मध्यम अवस्थेत होता त्यांत तो अखेरच्या अवस्थेला जाण्याची शक्यता पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटली. अगदी आरंभीच्या अवस्थेतील लोकांना आणि निरोग्यांना लाभ असा दिसला नाही. मोतीबिंदूवरही परिणाम नव्हता. या मिश्रणात ल्युटीन नव्हते, कारण चाचणीची आखणी झाली त्या वेळी ते बाजारात सुलभ नव्हते.

ती उणीव दुसऱ्या चाचणीने भरून काढावयाची होती. ५० ते ८५ वयाच्या ४,२०३ व्यक्तींत, जुन्या मिश्रणावर १० मिलिग्रॅम ल्युटीन व २ मिलिग्रॅम झिॲक्सँथिन यांची भर घालून पाहिली, आणि २०१३ मध्ये जाहीर झालेला मुख्य निकाल नकारार्थी आला: भर घातल्याने अधिक लाभ नाही. तथापि पुढच्या पोटविभागणीत असे दिसले, की ज्यांच्या आहारात ही द्रव्ये सर्वांत कमी होती त्या पंचमांशाला सुमारे २६ टक्क्यांचा लाभ झाला. शिवाय बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत, विशेषतः पूर्वी धूम्रपान केलेल्यांत, फुप्फुसाचा कर्करोग अधिक निघाला. म्हणून मिश्रणातून ते काढून त्याच्या जागी ल्युटीन व झिॲक्सँथिन घालण्याची शिफारस झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाहणीने ही अदलाबदल योग्य ठरविली. बीटा-कॅरोटीनच्या तुलनेत ल्युटीनच्या गटात ऱ्हासाची प्रगती काहीशी मंद होती आणि कर्करोगाची वाढ दिसली नाही.

या एकाच निकालाचे तीन अर्थ लावले जातात. पहिला पक्ष म्हणतो, मुख्य प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले आहे, आणि पोटविभागणीत सापडलेला लाभ हा पुढील चाचणीचा विषय आहे, निष्कर्ष नव्हे. संख्याशास्त्राच्या शिस्तीने पाहता हे म्हणणे बिनतोड आहे. दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे, की चाचणीतील सर्वांना आधीच प्रभावी मिश्रण मिळत होते आणि बहुतेकांचा आहारही सधन देशातील सुशिक्षितांचा होता. भरलेल्या रांजणात पाणी ओतून तो भरला नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही, ज्यांचा रांजण रिता होता त्यांच्याकडे पाहावे. तिसरा पक्ष औषधनिर्मात्यांचा, आणि तो निकालाच्या कोणत्याही अटीचा उल्लेख न करता निरोगी तरुणांनाही या गोळ्या विकतो. पहिल्या दोन पक्षांत खरा मतभेद आहे. तिसऱ्याचा पुरावा या चाचण्यांच्या कागदांत मला कोठेही मिळाला नाही.

अन्य दावे

बाकीच्या द्रव्यांविषयी थोडक्यात लिहिणे पुरे. युरोपातील बिलबेरी नावाच्या निळ्या फळाचा मुरंबा खाऊन वैमानिकांना रात्री दिसू लागले, ही कथा गाजराच्याच कुळातील; २००४ मध्ये तिच्या चाचण्यांची छाननी झाली, तेव्हा अधिक काटेकोर चाचण्या तिच्या विरुद्ध निघाल्या. काचबिंदूबाबत २०१६ मध्ये अमेरिकेतील मोठ्या पाहणीत, हिरव्या पाल्यातील नायट्रेट अधिक खाणाऱ्यांत तो वीस ते तीस टक्के कमी आढळला. पण ही पुन्हा पाहणीच आहे, चाचणी नव्हे. मोतीबिंदूच्या बाबतीत भारताचा दाखला महत्त्वाचा आहे. उत्तर व दक्षिण भारतातील साठीपुढच्या साडेपाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीत, ज्यांच्या रक्तात ‘क’ जीवनसत्त्व अधिक त्यांत मोतीबिंदू कमी, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सधन देशांतील गोळ्यांच्या चाचण्यांत हा लाभ दिसत नाही. विरोध वाटतो तेवढा नसावा, कारण आपल्याकडील वृद्धांत या जीवनसत्त्वाची उणीव फार मोठी आहे आणि तेथे ती जवळजवळ नाही.

केशराची गोष्ट जरा वेगळी. इटलीत २०१० मध्ये आरंभीचा पीतबिंदूचा ऱ्हास असलेल्या २५ जणांना तीन महिने रोज २० मिलिग्रॅम केशर देऊन दृष्टिपटलाच्या विद्युत्-प्रतिसादात सुधारणा नोंदली गेली. २०१९ मध्ये सिडनीत १०० जणांवरील चाचणीतही लहानशी सुधारणा दिसली. रुग्णसंख्या अल्प आणि मुदत अल्प. तरी हा धागा तुटलेला नाही. त्रिफळा मध व तुपाबरोबर रात्री घ्यावी, नेत्रबल वाढते, असे अष्टांगहृदयात सांगितले आहे आणि अनेक घरांत आजही ते पाळले जाते; त्यावर मोठी, तुलनात्मक मानवी चाचणी माझ्या पाहण्यात आलेली नाही. हळदीचे द्रव्य प्रयोगशाळेतील पेशींत प्रभावी ठरते, पण आतड्यातून ते रक्तात फारच थोडे उतरते. या दोहोंचा निर्णय होईतो अनुकूल वा प्रतिकूल काहीही ठामपणे लिहिणे अनुचित होय.

जे अनिर्णित आहे

पीतबिंदूच्या ऱ्हासात ल्युटीनची सर्वांत योग्य मात्रा कोणती, हे ठरलेले नाही. १० मिलिग्रॅम हा आकडा निवडलेला आहे, सिद्ध केलेला नव्हे. पीतबिंदूतील रंग दाट झाल्याचे मोजता येते, पण दाट रंग म्हणजे टिकलेली दृष्टी, हे समीकरण दीर्घ मुदतीत तपासावयाचे आहे. भाजीतून रोज मिळणारे द्रव्य आणि गोळीतून मिळणारे द्रव्य यांची एकमेकांशी प्रत्यक्ष तुलना करणारी मोठी चाचणी झालेली नाही. तशी ती करणेही सोपे नाही, कारण बिनऔषधी गोळी बनविता येते, बिनऔषधी पालक बनविता येत नाही. आणि सर्वांत मोठी उणीव ही, की दुसऱ्या चाचणीत ज्या रित्या पंचमांशाला लाभ झालासा दिसला, त्याच्यासारखी माणसे आपल्याकडे लाखोंनी असूनही, तोडीस तोड अशी चाचणी भारतीय आहारावर व भारतीय डोळ्यांवर कोणी केलेली नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रसंशोधन संस्थेत आपल्या पालेभाज्यांतील ल्युटीनची मोजदाद झाली आहे, म्हणजे पानात किती आहे ते ठाऊक आहे. फोडणी पडून ताटात आलेल्या पानातले डोळ्यांत किती पोचते, ते मोजावयाचे आहे.

दरम्यान गोळ्यांतील ल्युटीन ज्या फुलातून मुख्यत्वे काढले जाते, ते दसऱ्याला आपण दारावर बांधतो तेच झेंडूचे फूल आहे. कर्नाटक व तमिळनाडूतील शेतकरी ते कराराने पिकवितात. पाकळ्या वाळवून, द्रावणात भिजवून त्यांचा अर्क निघतो, आणि त्यातील बराचसा भाग अंड्यांचे बलक गर्द पिवळे दिसावेत म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात जातो. उरलेला गोळ्यांत भरून शहरांतील औषधांच्या दुकानांत येतो, आणि त्याच शहरांच्या मंडईत संध्याकाळ झाली की माठाच्या न खपलेल्या जुड्या निम्म्या भावाने विकल्या जातात.